गळाच्या स्वस्त काठीची कुळकथा

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत मानाचे पान त्यांनाच मिळते, आणि ते योग्यही आहे. परंतु सामान्य माणसाच्या हातात रोज वावरणाऱ्या वस्तूंनाही त्यांचा इतिहास असतो. सुई, छत्री, कंदील, सायकल ह्यांपैकी कोणतीही वस्तू घ्या. तिच्या मागे कोणा कारागिराची बुद्धी, कोणा कारखानदाराचा हिशेब आणि कित्येकदा दूरदेशीची एखादी लढाईही उभी असते. अशाच एका वस्तूचा इतिहास आज मी आपणांपुढे मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे मासे धरण्याच्या गळाची काठी; आणि तीही धनिकांच्या दिवाणखान्यात मिरवणारी नव्हे, तर अमेरिकेतील साधा कामकरी मनुष्य सुटीच्या दिवशी खांद्यावर टाकून तळ्याकाठी नेतो ती थोड्या किमतीची काठी.

आपणांपैकी कोणी विचारील की, ह्या विषयाचे आपणांस काय प्रयोजन? प्रयोजन दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, आपल्यापैकी अनेक घरांतील मुले आणि नातवंडे आज अमेरिकेत नांदत आहेत, आणि तेथील तळ्यांकाठचा हा छंद त्यांच्याही घरांत शिरतो. दुसरे असे की, ह्या कथेच्या आरंभी जो बांबू येतो तो हिंदुस्थानातलाच आहे. परंतु ह्या दोहोंहून मोठी गोष्ट म्हणजे ह्या इतिहासातून निघणारा एक प्रश्न. जी वस्तू स्वस्त ती हलकीच असली पाहिजे काय? गरिबाच्या विरंगुळ्याला लागणारे साधन त्याला प्रामाणिक मिळावे, की कसेबसे काम भागवणारे मिळाले तरी पुरे? गळाच्या काठीने ह्या प्रश्नाचे उत्तर सुमारे दीडशे वर्षांत दिले आहे. ते कसे, हे आता पाहू.

प्रथम ज्या माशासाठी ही काठी घडली त्याची ओळख करून घेतली पाहिजे. अमेरिकेतील लोक ज्याला बास म्हणतात तो गोड्या पाण्यातील मासा होय. कोकणच्या खाड्यांतला आपला जिताडा आणि हा बास ह्यांचे कूळ एक नव्हे. बासच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. एक मोठ्या तोंडाची, जी उथळ, शेवाळी आणि पाणगवताने भरलेल्या तळ्यांत राहते. आणि दुसरी लहान तोंडाची, जिला थंड, स्वच्छ आणि खडकाळ पाणी मानवते. लासेपेद नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ साली ह्या माशाला शास्त्रीय नाव दिले ते ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे आखूड पंखाचा. गंमत अशी की, बासचा पंख काही आखूड नसतो. शास्त्रज्ञाच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पंख तुटका होता, आणि त्या तुटक्या पंखाचे नाव साऱ्या कुळाला कायमचे चिकटले.

बासचा स्वभाव दबा धरून बसण्याचा आहे. बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत किंवा पाणगवताच्या कडेला तो स्तब्ध असतो, आणि लहान मासा, बेडूक किंवा चतुर जवळून गेला की झडप घालतो. त्याचा जबडा हाडाळ आणि कठीण असतो. तेव्हा गळ आत रुतवण्यासाठी काठीच्या बुंध्यात जोर हवा. आमिष लांब फेकता यावे म्हणून शेंड्यात लवचिकपणा हवा. आणि गळाला लागलेला मासा गवतात शिरू पाहील तेव्हा त्याला वळवता येईल इतका ताठपणाही हवा. ह्या तीन गोष्टी एकाच काठीत साधणे ही ह्या विद्येतील मूळ अडचण होय. पुढचा सारा इतिहास म्हणजे ही अडचण कोणत्या पदार्थाने, किती खर्चात आणि किती चांगली सुटली ह्याचाच वृत्तांत आहे.

अगदी प्रथम काठी म्हणजे नुसता वेळू होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात नदीकाठी रानवेळूची बेटे असत. त्यांतला एक सरळ वेळू तोडून सुकवायचा, शेंड्याला दोरी बांधायची, दोरीला गळ आणि गळाला किडा. एवढेच ते साधन. त्याला मोल पडत नसे, म्हणून शेतमजुरापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांना ते सुलभ होते. पण दोरी जेवढी बांधली तेवढीच. तिच्या पलीकडे आमिष जाणार नाही.

ही मर्यादा तोडली ती केंटकी प्रांतातील एका घड्याळजीने. पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर हा घड्याळे दुरुस्त करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास त्याने घड्याळातल्यासारखी दातेरी चाके बसवून असे रीळ तयार केले की, मूठ एकदा फिरवली तर दोरीची फिरकी अनेकदा फिरावी. पुढे फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी हे काम पूर्णत्वास नेले. केंटकीची ही रिळे म्हणजे खरोखर घड्याळजीच्या हातची कलाकृती होती आणि त्यांची किंमतही तशीच असे. आमिष आता दूर जाऊ लागले. पण दूर फेकण्यासाठी काठीही बदलणे प्राप्त झाले. नुसता लांब वेळू त्या कामाला उपयोगी नव्हता.

येथे ह्या कथेत हिंदुस्थान येतो. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका आणि व्हायोलिने करणारा कारागीर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याने बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून आणि पुन्हा एकत्र चिकटवून काठी करण्यास आरंभ केला. बांबूचे बळ त्याच्या पाठीत, म्हणजे बाहेरच्या कातडीलगतच्या तंतूंत असते. आतला भाग मऊ आणि दुबळा. ही गोष्ट आपल्या बुरुडाला कोणी शिकवावी लागत नाही. ह्या पाठीच्या पट्ट्या त्रिकोणी तासून सहा पट्ट्यांची एक षट्कोनी काठी जुळवली म्हणजे सर्व बाजूंनी बाहेर बळकट तंतूच येतात. अशी काठी वजनाला हलकी, वाकवली तर वाकणारी आणि सोडली की सरळ होणारी असते.

ह्या कामाला लागणारा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जहाजाने जाई, आणि म्हणून तिकडच्या व्यापारात त्याला ‘कलकत्ता केन’ असेच नाव पडले. बंगालच्या बांबूवर कित्येकदा जळाल्याचे डाग असत आणि त्याची पेरे जवळजवळ असत. तरी अर्धशतकाहून अधिक काळ अमेरिकेतील उत्तमोत्तम काठ्या त्याच्याच झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातला बांबू पुढे आला. त्याची पेरे लांब, भिंत जाड आणि तंतू दाट. व्यापाऱ्यांनी त्याला ‘टोंकिन’ म्हटले, जरी टोंकिन हा मुलूख व्हिएतनाममध्ये आहे. मॅक्लूअर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ साली त्याला ‘अमाबिलिस’, म्हणजे मनोहर, असे नाव दिले. कलकत्त्याचा बांबू मग मागे पडला.

चिरलेल्या बांबूची काठी उत्तम खरी, पण ती हातांनी करायची म्हटली म्हणजे तिचे मोल सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाई. मेन प्रांतातील बँगर गावी हायरम लेनर्ड ह्याने १८७० नंतरच्या दशकात पट्ट्या तासण्याचे यंत्र केले. हे यंत्र तो कुलपात ठेवी असे सांगतात. यंत्रामुळे पट्ट्या अचूक झाल्या, परंतु लेनर्डच्या काठ्या श्रीमंतांच्याच राहिल्या. शिवाय त्या बहुतेक ट्राउट आणि सॅमन ह्या माशांसाठी असत. विलायतेतून आलेल्या सभ्य संकेतांप्रमाणे हेच मासे मानाचे; बास हा गावंढळांचा मासा समजला जाई.

हा समज बदलण्याचे श्रेय जेम्स हेनशल ह्या डॉक्टराकडे जाते. १८८१ साली त्याने ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बास हा झुंजीत कोणत्याही मानकरी माशाला हार जाणारा नाही, आणि त्याच्यासाठी स्वतंत्र काठी असली पाहिजे, असे त्याने निक्षून मांडले. त्या काळी लोक दहा-बारा फुटांच्या जड काठ्या वापरीत. हेनशलने सव्वा-आठ फुटांची हलकी काठी सुचवली. थोड्याच वर्षांत शिकागोकडच्या लोकांनी ती आणखी आखूड, सहा फुटांवर आणली. कारण लाकडी आमिष डोक्यावरून सरळ फेकायचे तर आखूड काठीच सोयीची. मिशिगन प्रांतात जेम्स हेडन लाकडाची कृत्रिम आमिषे करू लागला, आणि त्याच प्रांतातील कॅलमझू गावी विल्यम शेक्सपिअर ह्याने १८९७ साली आपला धंदा सुरू केला. दोरी फिरकीवर आपोआप सारखी गुंडाळली जावी अशी त्याच्या रिळाची योजना होती. नाटककार शेक्सपिअरशी ह्या गृहस्थाचा नावापलीकडे संबंध नाही. मात्र त्याचे नाव आपणांस पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

आता स्वस्ताईचे युग आले. मॅसॅच्युसेट्समधील माँटेग्यू कंपनी आणि न्यूयॉर्क प्रांतातील युटिका येथील हॉरॉक्स-इबटसन कंपनी ह्यांनी यंत्रावर हजारोंनी बांबूच्या काठ्या काढल्या. पेढीच्या जाड सूचिपत्रातून नंबर लिहून पाठवला की काठी टपालाने घरी येई. एव्हरेट हॉर्टन ह्याने १८८७ साली पोलादी नळीच्या, एकीत एक सरकणाऱ्या काठीचे पेटंट घेतले होते. कनेटिकटमधील ब्रिस्टल गावी झालेल्या अशा काठ्याही गावोगाव पोचल्या. ह्या स्वस्त काठ्यांत गुण होते तसे दोषही होते. यंत्रावरच्या बांबूच्या काठीत गोंद हलका असला की पावसाळी हवेत पट्ट्या सुटत. पोलाद गंजे, जड वाटे आणि वाकले की वाकलेलेच राही. रंग आणि रेशमी वेष्टणे मात्र झगझगीत असत. गिऱ्हाईकाचे डोळे दिपवून आतला कच्चेपणा झाकण्याची युक्ती त्या वेळीही व्यापाऱ्यांस ठाऊक होती.

तरीसुद्धा साध्या साधनाची थोरवी सिद्ध करणारी एक घटना ह्याच काळात घडली. १९३२ साली अमेरिकेत मंदीचा कहर होता. जॉर्जिया प्रांतातील जॉर्ज पेरी हा वीस वर्षांचा तरुण शेतकरी. २ जून १९३२ रोजी पावसामुळे शेत नांगरता येईना, म्हणून तो एका मित्रासह माँटगोमेरी नावाच्या तळ्यावर गेला. ओकमल्गी नदीने पात्र बदलताना मागे सोडलेले ते डबके. दोघा मित्रांत मिळून काठी एकच होती आणि आमिषही एकच. त्या काठीला जो बास लागला तो हेलीना गावी तोलला गेला तेव्हा २२ पौंड ४ औंस भरला. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याबद्दल पेरीला ७५ डॉलरचा माल बक्षीस मिळाला, आणि मासा घरच्यांनी शिजवून खाल्ला. ह्या विक्रमाची बरोबरी होण्यास ७७ वर्षे लागली. जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता ह्याने २ जुलै २००९ रोजी किंचित अधिक वजनाचा बास धरला. परंतु जुना विक्रम मोडण्यास निदान दोन औंसांचा फरक लागतो असा नियम असल्यामुळे दोघांनाही बरोबरीचे स्थान देण्यात आले. मधल्या काळात उंची साधने घेऊन किती लोक तळ्यांवर बसले असतील ह्याची कल्पनाच करावी! मंदीतल्या दोन मित्रांची एकुलती एक काठी त्या सर्वांस पुरून उरली.

अर्थात एका योगायोगावरून सिद्धान्त बांधू नये. स्वस्त काठी खऱ्या अर्थाने चांगली होण्यास आणखी दोन कारणे जुळून यावी लागली. पहिले कारण समाजाचे. १९३३ साली टेनेसी खोऱ्याच्या विकासासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. १९३६ साली नॉरिस धरण पुरे झाले आणि त्यामागोमाग दक्षिणेत धरणांची माळच उभी राहिली. त्यांच्या जलाशयांत बास भरभराटीस आला. १९३८ च्या कामगार कायद्याने आठवड्याच्या कामाचे तास चाळीसपर्यंत खाली आणण्याची व्यवस्था केली. म्हणजे सामान्य माणसाला पाणीही मिळाले आणि सुटीही मिळाली. उणीव राहिली ती साधनाची.

दुसरे कारण पदार्थविज्ञानाचे, आणि ते युद्धाच्या पोटातून आले. महायुद्धामुळे चीनचा बांबू मिळेनासा झाला होता. ओहायो प्रांतातील टोलेडो शहरी प्लास्कॉन कंपनीत आर्थर हॉवल्ड नावाचे रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्या बांबूच्या काठीचा शेंडा मोडला, आणि नवा मिळण्याची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी काचेचे बारीक तंतू कृत्रिम राळेत भिजवून स्वतःच शेंडा तयार केला. तो बांबूहून चिवट निघाला. ही कृती कॅलमझूच्या शेक्सपिअर कंपनीने घेतली, आणि युद्ध संपल्यावर लवकरच ‘वंडररॉड’ ह्या नावाने काचतंतूंची काठी बाजारात आली. १९५० च्या अखेरीस कोरियातील युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला; टोंकिन बांबूची वाट बंद झाली, आणि काचतंतूंचे राज्य निर्वेध सुरू झाले.

काचतंतूंच्या काठीने काय साधले हे नीट समजून घेतले पाहिजे. बांबूची चांगली काठी करायची तर चांगला बांबू निवडणारा डोळा आणि तो तासणारा हात लागतो, आणि हे दोन्ही दुर्मिळ. काचतंतू मात्र सर्वत्र सारखे. कारखान्यातून निघणारी हजारावी काठी पहिलीसारखीच असते. ती कुजत नाही, गंजत नाही, पावसात सुटत नाही. म्हणजे किंमत उतरली आणि त्याबरोबर गुण उतरला नाही, उलट भरवसा वाढला. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. स्वस्ताई दोन वाटांनी येते. एक वाट म्हणजे माल कमी घालायचा, गोंद पातळ करायचा आणि वरून रंग द्यायचा. दुसरी वाट म्हणजे अधिक ज्ञान घालून अधिक सोप्या रीतीने तीच वस्तू करायची. पहिल्या स्वस्ताईत गिऱ्हाईक फसतो, दुसरीत तो सन्मानित होतो.

रिळाच्या बाबतीतही हेच घडले. जुन्या रिळावर अंगठ्याचा दाब चुकला की फिरकी दोरीहून वेगाने फिरून दोरीचा गुंता होई. नवशिक्याचा निम्मा दिवस तो सोडवण्यात जाई. ओक्लाहोमा प्रांतातील टल्सा येथे तेलविहिरींसाठी लागणारे कालबद्ध बॉम्ब करणारी एक कंपनी होती. तिने हल नावाच्या संशोधकाची कल्पना उचलून १९४९ साली झाकणाचे रीळ काढले. त्यातली फिरकी स्थिर असते, दोरी तिच्यावरून नुसती सुटत जाते आणि गुंता क्वचितच होतो. १९५४ चे तिचे ३३ क्रमांकाचे रीळ घरोघर गेले. कंपनीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘झेबको’ हे नाव झाले, आणि बॉम्बचा धंदा मागे पडून रिळांचाच उरला.

१९५० साली आणखी एक दूरदर्शी गोष्ट झाली. काठ्या, रिळे आणि कृत्रिम आमिषे ह्यांवरील दहा टक्के कर प्रांतांच्या मत्स्यसंवर्धनासाठीच खर्च करावा असा कायदा अमेरिकेने केला. दोघा पुरस्कर्त्यांच्या नावांवरून तो डिंगेल-जॉन्सन कायदा म्हणून ओळखला जातो. म्हणजे ज्याने तळ्याकाठी बसण्यासाठी काठी घेतली त्याच्याच पैशाने तळे राखले जाऊ लागले. अधिक लोकांनी काठ्या घेतल्या तर मासे संपतील, ही भीती व्यर्थ नव्हती; परंतु ह्या कायद्याने काठीच्या खपालाच पाण्याच्या रक्षणाशी बांधून टाकले. पुढे १९६७ साली रे स्कॉट ह्या विमा एजंटाने आर्कान्सासमधील बीव्हर जलाशयावर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली. १०६ स्पर्धक आले. १९६८ मध्ये त्याने बासप्रेमींची संस्था स्थापली, आणि १९७२ पासून धरलेला मासा जिवंत परत पाण्यात सोडण्याचा प्रघात पाडला. गावंढळांचा म्हणून हिणवलेला मासा आता राष्ट्रीय छंदाचा नायक झाला.

काचतंतूंनंतर कर्बतंतू आले. इंग्लंडातील फार्नबरो येथे विमानविद्येच्या सरकारी प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकात ह्या तंतूंचा विकास झाला, आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील फेनविक कंपनीने त्यांच्या काठ्या विकण्यास आरंभ केला. तिकडे त्यांना ग्रॅफाइटच्या काठ्या म्हणतात. ह्या काठ्या काचतंतूंहून हलक्या आणि ताठ. तळाशी आमिष दगडाला लागले की गवताला, हे मुठीत कळावे इतक्या त्या संवेदनशील. पण त्या महाग होत्या, आणि नावेच्या कडेवर आपटल्या की न दिसणारी चीर पडून पुढे ऐन वेळी मोडत.

मग १९७६ साली शेक्सपिअर कंपनीने एक मध्यममार्ग काढला. काच आणि कर्ब हे दोन्ही तंतू एकत्र घेऊन, शेंडा मात्र भरीव काचतंतूंचा ठेवून, तिने एक काठी केली आणि तिला नाव दिले ‘अग्ली स्टिक’, म्हणजे कुरूप काठी! आपल्या मालाला आपणच कुरूप म्हणवून घेणारा व्यापारी विरळा. पण त्या नावात ह्या इतिहासाचे सार आले आहे. झगझगीत रंग आणि रेशीम नको. वाकेल पण मोडणार नाही एवढेच वचन पुरे. आज ह्या कुळातली काठी तिकडे साधारणपणे ५० डॉलरच्या आसपास मिळते, आणि बास धरू इच्छिणाऱ्या नवशिक्याच्या हाती ती पुष्कळदा दिसते.

आता ह्या काठीचे मूल्यमापन निःपक्षपाताने करू. तिचा पहिला गुण चिवटपणा. मुलाच्या हातून ती पडली, मोटारीच्या दारात सापडली, नावेत पायाखाली आली तरी सहसा टिकते. दुसरा गुण तिच्या कड्यांचा. अलीकडच्या काठ्यांना कड्या एकसंध गंजरोधक पोलादाच्या असतात. आत बसवलेले चिनी मातीचे कडे निखळून पडण्याचा प्रश्नच उरत नाही. तिसरा गुण शेंड्याचा मवाळपणा. पाण्यातून सतत ओढत आणायचे, तिहेरी गळांचे आमिष वापरले तर मासा झडप घालतो तेव्हा हा मवाळ शेंडा हिसका सोसतो आणि गळ उपटून येत नाही. म्हणूनच अशा आमिषांसाठी अनेक कसलेले लोकही काचतंतूंची काठीच पसंत करतात.

दोषही सांगितले पाहिजेत. कर्बतंतूंच्या काठीपेक्षा ही जड असते. दिवसभर फेकाफेक केली की मनगटाला जाणवते. तळाशी हळूहळू सरकवायच्या मऊ रबरी किड्यांसाठी ती मध्यमच. कारण बासने किडा नुसता तोंडात घेतला तर ती बारीक चाहूल ह्या शेंड्यातून मुठीपर्यंत पुरती पोचत नाही. ज्याला ह्याच एका पद्धतीत प्रावीण्य मिळवायचे आहे त्याने थोडे अधिक पैसे घालून कर्बतंतूंची काठी घ्यावी. इतरांस ह्या काठीत उणे पडणार नाही.

कोणतीही थोड्या किमतीची काठी दुकानात पारखायची तर पुढील गोष्टी पाहाव्यात. मुठीच्या वर काठीवरच तिची लांबी, ताकद, वाक, दोरीचे आणि आमिषाचे वजन छापलेले असते. बाससाठी साडेसहा ते सात फूट लांबी, मध्यम किंवा मध्यमाहून किंचित अधिक ताकद, आणि पाव ते पाच-अष्टमांश औंस आमिषाची सोय असावी. मग काठी बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरून कड्या एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहावे. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. कोठे तंतू अडकला तर तेथे दोरीही घासून तुटेल. आपले रीळ बसवून घट्ट करावे आणि हलवून पाहावे. बैठक डुलत असेल तर काठी ठेवून द्यावी. काठी दोन तुकड्यांची असल्यास जोड सैल नसावा. शेवटी दोरी कड्यांतून ओवून दुसऱ्यास हळूच ओढावयास सांगावे. काठीचा वाक शेंड्यापासून बुंध्याकडे सारखा उतरला पाहिजे, मध्येच कोपर पडता कामा नये. हाताने शेंडा मुठीकडे वाकवून काठीची परीक्षा करू नये. त्या रीतीने उत्तम काठीही मोडते. आणि कर्बतंतूंतून वीज वाहते हे कधीही विसरू नये. डोक्यावर विजेच्या तारा असतील किंवा आभाळ गडगडत असेल तर काठी खाली ठेवून दूर व्हावे.

ह्या परीक्षेत कोठेही सोनेरी अक्षरे, नक्षी किंवा जाहिरातीतल्या बक्षिसांचा विचार आलेला नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. ज्या ज्या गोष्टी तपासायच्या त्या सर्व इतिहासाने एकेक करून शिकवल्या आहेत. सारखे तंतू हवेत हे बांबूने शिकवले, गोंद आणि जोड पक्के हवेत हे सूचिपत्रातल्या काठ्यांनी, गंज चालत नाही हे पोलादाने, आणि हलकेपणाबरोबर चिवटपणाही हवा हे कर्बतंतूंनी. जास्त किंमत मोजली तर हलकेपणा आणि संवेदना अधिक मिळते, ह्यात संशय नाही. परंतु एका मर्यादेपुढे वाढणारा पैसा माशापर्यंत पोचत नाही, तो मालकाच्या हौसेपाशीच थांबतो. हौसही वाईट नव्हे. मात्र ती गरज समजून तिच्यासाठी कर्ज काढू नये.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. बास हा खादाड मासा आहे. जपानात तो १९२५ साली नेऊन सोडला गेला. तेथील तळ्यांतल्या मूळच्या लहान माशांवर त्याने असे संकट आणले की, २००५ पासून कायद्याने त्याला उपद्रवी परका प्राणी ठरवले आहे. तेव्हा परदेशातून कोणी आपल्या तळ्यांत हा मासा आणून सोडण्याची कल्पना काढली तर तिला ठाम नकार द्यावा. काठी कोठेही न्यावी. मासा त्याच्या पाण्यातच राहू द्यावा.

श्रोतेहो, बंगालच्या बांबूपासून निघालेली ही कथा काच आणि कर्ब ह्यांच्या तंतूंपर्यंत येऊन पोचली. तिच्यात घड्याळजी आहे, बंदुका करणारा कारागीर आहे, डॉक्टर आहे आणि बॉम्बचा कारखानाही आहे. ह्या सर्वांच्या खटपटीचा परिणाम एवढाच की, आठवडाभर राबलेला माणूस सुटीच्या सकाळी थोड्या पैशांत घेतलेली काठी हातात धरून पाण्याकाठी बसू शकतो, आणि ती काठी त्याला दगा देत नाही. आपल्या दूरदेशीच्या नातवाने उद्या पत्रातून किंवा दूरध्वनीवरून विचारले की, आजोबा, स्वस्तातली काठी घेऊ का, तर त्याला खुशाल होकार द्यावा; फक्त दुकानात जाताना कापसाचा एक बोळा खिशात ठेव, एवढे मात्र आठवणीने सांगावे.